जवाईबापूंचा बर्फ

नत्थुजी आमच्या गावचे जावई. लग्न लागलं ते जमुनाशी, पण आमच्याकडे एका घरचा जावई हा साऱ्या गावचा जावई असतो. त्याला कोणी अरे-तुरे करत नाही. त्याच्या हातात कुदळ दिसली तर पाहणाऱ्यालाच ओशाळं वाटतं. आणि तो चुकला तर त्याला रागवायचं कसं, हे कोणालाच ठाऊक नसतं, कारण तशी वेळ येण्याआधीच तो आपल्या गावी परत गेलेला असतो. नत्थुजी आले ते गेलेच नाहीत. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

जमुना माझी चुलतबहीण. काकांना दुसरं मूल नव्हतं, म्हणून नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडच्या आमच्या गावातलं घर आणि लवणातलं, म्हणजे उताराखालच्या खोलगटातलं, वावर तिच्या वाट्याला आलं. नत्थुजींची सारी नोकरी अकोल्याला बर्फाच्या कारखान्यात गेली. घरोघरी फ्रिज आले, कारखाना बंद पडला, आणि हे गृहस्थ म्हातारपणी घरजावई झाले. गावानं त्यांना जवाईबापू म्हणायला सुरुवात केली आणि एक बाज देऊन टाकली. त्या बाजेवर बसून ते बर्फाच्या गोष्टी सांगत.

मी पंजाबराव, माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीवर खूप थापा ऐकल्या, पण या माणसासारख्या नाहीत. एका रसवंतीवाल्यानं म्हणे लादी परत आणून दिली होती, फार थंड आहे म्हणून. दुसऱ्या लादीत बेडूक गोठला होता, तो लादी फोडल्यावर बाहेर आला आणि कारखान्यातच नोकरीला राहिला. नोकरीला कसा, असं विचारलं तर म्हणत, ‘‘माश्या खायच्या कामावर.’’ प्रत्येक गोष्टीचा शेवट मात्र एकच असे. छातीवर हात ठेवून म्हणायचे, ‘‘पंजाबभाऊ, वऱ्हाड म्हणजे भट्टी. या भट्टीत बर्फ आपोआप होत नाई. अमोनिया पाह्यजे, मिठाच्या पाण्याचं टाकं पाह्यजे, अन् चाक फिरवाले माह्यासारखा माणूस पाह्यजे.’’

हे वाक्य लक्षात ठेवा. त्यांना ते पुढे फार महागात पडलं.

मागच्या पौषात जमुनाच्या वावरात तूर अशी उभी होती की धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, जाणारा थांबून पाहायचा. खाली शेंगा, वर पिवळा फुलोरा. पेरणीपासून निंदणापर्यंत सगळं तिनं एकटीनं केलेलं. त्यात परतवाड्याहून मावशी गेल्याचा निरोप आला आणि तिला तेरवीला जाणं भाग पडलं. अळीची फवारणी तेवढी राहिली होती. तिनं औषधाची बाटली नवऱ्याच्या हातात दिली, शेजारच्या शालिकरामचा फवारणीचा पंप मागून आणायला सांगितला, आणि एसटीत बसता बसता बजावलं, ‘‘पंप धुऊन घ्याजा. त्यानं तणनाशक मारलं त्याच्यात.’’ लग्नापासून तिनं नवऱ्यावर टाकलेलं शेतीचं हे पहिलं काम. नत्थुजींनी त्याच दिवशी फवारणी केली आणि संध्याकाळी साऱ्या गावाला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अळी मेली की नाही ते पाहायला गेले. रात्रीपासून वारा पडला होता, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि थंडी अशी की माझ्या गिरणीचा पट्टा ताणून धरल्यासारखा कडक झाला होता. लवणात उतरून पाहतात तर तुरीवर पांढरं. आधी त्यांना वाटलं, कोणीतरी मीठ टाकलं. मग बोट लावून पाहिलं. आयुष्यभर ज्याच्याशी संगत केली त्याला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. तो बर्फ होता, पानाच्या काठाकाठानं कातलेला, आणि कोणीही चाक न फिरवता झालेला.

त्यांनीच मला नंतर सांगितलं, त्या क्षणी त्यांना तुरीची काळजी वाटली नाही, अपमान वाटला. मग भान आलं. डब्यातली न्याहारी त्यांनी धुऱ्यावर ओतली, पानांवरचा बर्फ बोटांनी खरवडून डब्यात भरला आणि गावाकडे पळत सुटले. धापा टाकत माझ्या गिरणीवर आले, झाकण उघडलं आणि म्हणाले, ‘‘पाहा.’’

मी पाहिलं. पाणी होतं.

‘‘हा बर्फ हाय,’’ ते म्हणाले.

‘‘हे पानी हाय, जवाईबापू.’’

‘‘आता पानी हाय. मघाशी बर्फ होता.’’

तसे ते मारुतीच्या पारावर गेले, शालिकरामच्या घरी गेले, गजेंद्रच्या दुकानात गेले. सकाळभर त्यांनी गावाला पाणी दाखवलं. जावई माणूस, म्हणून प्रत्येकानं डब्यात डोकावून ‘वा’ म्हटलं आणि चहा पाजला.

दुपारी तुरीची पानं पिळल्यासारखी लोंबली. जमुना परत आली तोवर ती काळी पडून वाळायला लागली होती. तिच्याबरोबर मीही गेलो होतो. लवणाचा खालचा सगळा भाग काळा, फुलोरा मातीत झडलेला, शेंगांतले दाणे काळे आणि पाणचट. जिथे बसून ती दुपारची भाकर खाते ती बाभळीखालची गोल जागा तेवढी हिरवी होती, आणि वरच्या चढाची तूर वाचली होती. ती बाभळीखाली बराच वेळ उभी राहिली. मला तिच्याकडे पाहवेना. घरी आल्यावर तिनं शालिकरामचा पंप हुंगला आणि नवऱ्याला एवढंच विचारलं, ‘‘धुतला होता?’’

आता हो म्हणायला काय लागतं? पण हा माणूस थापा मारतो आणि खोटं बोलत नाही, हा फरक मला तेव्हा कळला. नत्थुजी म्हणाले, ‘‘धुतला असन. आठवत नाई. पण तूर बर्फानं जळाली, जमुना.’’

‘‘वऱ्हाडात बर्फ आपोआप होत नाई,’’ जमुना म्हणाली, आणि त्यानंतर ती नवऱ्याशी बोलायची बंद झाली.

बोलायची बंद म्हणजे तोंडावर बंद. संसार चालायला निरोप लागतातच. त्यांच्या अंगणात एक काळी बकरी होती, ती त्या कामावर लागली. जमुना तिच्याकडे तोंड करून म्हणायची, ‘‘तुह्या मालकाले सांग, भाकर झाकून ठेवली हाय.’’ नत्थुजीही तिच्याकडेच पाहून म्हणायचे, ‘‘तुह्या मालकिनीले सांग, मले भूक नाई.’’ बकरी दोघांकडे आळीपाळीनं पाहायची. काही दिवसांत तिला इतकी सवय झाली की कोणी घसा खाकरला तरी ती चारा सोडून मधे येऊन उभी राहायची.

गावात दोन तट पडले. थंडीनं पीक जळतं त्याला आमच्याकडे दवाळ म्हणतात, ती कोणाला अगदीच नवी नाही. पण लोकांचं म्हणणं असं की दवाळ गेली तर साऱ्यांच्या वावरावर जाते, एकट्या जमुनाच्याच तुरीवर कावून? पांढरं पडलेलं पाहिलं कोणी? एकट्या नत्थुजींनी. आणि नत्थुजींचा बेडूक कारखान्यात नोकरीला होता. शालिकराम मात्र दवाळीच्या बाजूनं घसा फोडून भांडत होता, कारण दवाळ खोटी ठरली तर त्याचा पंप खुनी ठरत होता.

त्यानं पंपाची परीक्षा द्यायचं ठरवलं. ग्रामपंचायतीसमोर पंप पाण्यानं भरला आणि आपल्याच परसातल्या वांग्यांवर सगळ्यांदेखत फवारला. वांगी आठवडाभर टवटवीत राहिली. मग कोणीतरी विचारलं, मधल्या काळात पंप धुतला होता का. शालिकराम अभिमानानं म्हणाला, ‘‘तीनदा. साबन लावून.’’ परीक्षा तिथेच रद्द झाली.

इकडे नत्थुजींनी डब्यातलं ते पाणी फेकलं नव्हतं. ते गजेंद्रच्या थंड पेयांच्या दुकानात गेले आणि फ्रीजरमध्ये डबा ठेवायला लावला. दुसऱ्या दिवशी गोठलेला डबा छातीशी धरून पारावर आले. ‘‘हा घ्या. तोच बर्फ.’’

यावर पारावर जी चर्चा झाली तशी मी निवडणुकीतही ऐकली नाही. गजेंद्रचं म्हणणं, पाणी तेच असेल तर बर्फही तोच. शालिकराम म्हणाला, शंभर टक्के तोच, मी ओळखतो. दुसरे म्हणाले, एकदा पाणी झालं की तो बर्फ मेला, हा त्याचा पोरगा. एकानं विचारलं की मग त्या सकाळी पाणी दाखवत होते ते काय होतं, आणि त्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. तोवर बर्फ परत वितळला. गजेंद्रनं डबा घेतला आणि पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवला. कोल्ड्रिंकच्या बाटल्यांना जागा उरत नव्हती, पण जावयाच्या पुराव्याला नाही कसं म्हणायचं.

कृषी सहायक पौर्णिमाताई आठ-दहा गावं स्कूटीवर सांभाळतात. त्या ग्रामपंचायतीत आल्या तेव्हा त्यांच्यापुढे जळक्या तुरीची एक फांदी ठेवली गेली. त्यांनी पान चुरगाळून पाहिलं आणि सांगायला लागल्या. पानाच्या पोटात बारीक बारीक घरं असतात, त्यात आणि त्यांच्या मधल्या फटींत पाणी असतं. फटीतलं पाणी आधी गोठतं आणि घरातलं पाणी बाहेर ओढून घेतं. घरं सुकतात, फाटतात. ऊन पडलं की फाटकी घरं गळतात आणि पान काळं होतं. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराला लागते आणि लवणात साचते. म्हणून खालचं वावर जळतं आणि वरचं वाचतं. काळी माती भेगाळलेली, कोरडी असली तर दिवसाची ऊब रात्री लवकर घालवून बसते. ओली असली तर धरून ठेवते.

नत्थुजी असे ऐकत होते की जणू त्यांच्या जामिनाचा निकाल वाचला जातो आहे. ‘‘म्हंजे ताई, दवाळच.’’

‘‘दवाळ असू शकते,’’ पौर्णिमाताई म्हणाल्या. ‘‘तणनाशकानंही पान करपते. इतक्या दिवसांनी नुसत्या फांदीवरून मी कशी सांगू? पांढरं मी काही पाह्यलं नाही.’’

‘‘वावरात चाला ना.’’

‘‘आज पाच गावं राहिली आहेत, काका. पुन्हा पडलं तर सकाळीच फोन करा, मी येते.’’

‘पुन्हा पडलं तर’ हे तीन शब्द नत्थुजींच्या डोक्यात बसले. दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे उठून वावरात जायला लागले. ज्या माणसाला आम्ही ऊन चढेपर्यंत बाजेवरून उठवत नव्हतो, तो अंधारात कानाला मफलर बांधून लवणात उभा. घरातल्या आणि मागून आणलेल्या सगळ्या पराती त्यांनी पाणी भरून तुरीच्या ओळीओळींत, तासातासात, मांडल्या होत्या, बर्फ पकडायला. पकडला गेला फक्त एक बेडूक. रिकामं उभं राहून कंटाळा येतो, म्हणून त्यांनी वाळलेली तूर उपटायला घेतली, भेगा बुजवल्या, धुऱ्यावरचं गवत काढलं. अळी ओळखायला शिकले. दवाळ गेल्यापासून लवणात माश्या-पाखरं नाहीत, साळुंक्या वरच्याच वावरात उतरतात, मधमाशी तर फुलोरा झडल्यापासून फिरकली नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. मी म्हटलं, जवाईबापू, तुम्ही तर शेतकरी झाले. ते म्हणाले, ‘‘मी बर्फाची वाट पाहून राहिलो.’’

आता गंमत अशी की बाकीचं गाव बर्फ येऊ नये म्हणून देवाला हात जोडत होतं. लवणाच्या आजूबाजूला शालिकरामची तूर होती, माझा हरभरा होता, साऱ्यांचंच काही ना काही फुलावर होतं. आणि हा माणूस रोज पहाटे आभाळाकडे तोंड करून थंडीला बोलावतो, अशी बोंब झाली. सभा भरली. पण जावयाला जाब विचारायचा कसा? शेवटी सरपंचांनी तोड काढली. नत्थुजींना बोलावून खांद्यावर शाल घातली, नारळ दिला, पेढा भरवला, आणि सत्काराच्या भाषणात विनंती केली की जवाईबापूंनी यापुढे उत्तरेकडे तोंड करून उभं राहू नये, कारण थंडी तिकडून येते.

‘‘मी बोलवत नाई तिले,’’ नत्थुजी म्हणाले. ‘‘मी फक्त पाहतो.’’

‘‘पाहू नका,’’ सरपंच हात जोडून म्हणाले.

त्यांनी शब्द पाळला. त्यानंतर ते पहाटे दक्षिणेकडे तोंड करून उभे राहत आणि मधूनमधून खांद्यावरून मागे बघत.

एवढ्या सगळ्यात जमुना काही बोलली नाही. एकदा दळण घेऊन आली तेव्हा मीच विषय काढला. म्हटलं, जमुने, माफ कर ना त्या माणसाला, सुकून गेला. ती पिठाच्या डब्यावर फडकं बांधत म्हणाली, ‘‘सुकू दे थोडा, दादा. पोट सुटलं होतं बाजेवर बसून.’’ मला तिचा राग आला. इतकं कठोर माणसानं असू नये, असं मी तिला तोंडावर म्हटलंही. तिनं डबा डोक्यावर घेतला आणि गेली.

मग एक दिवस दुपारी पौर्णिमाताईंचा फोन आला, तोही नत्थुजींनाच. उत्तरेकडून मोठी थंडी येते आहे, आज रात्री पारा फार खाली जाईल, लवणातल्या आणि आजूबाजूच्या सगळ्यांना सांगा, संध्याकाळी पाणी सोडा, माती ओली ठेवा, धुऱ्यावर रात्रभर धूर करा. नत्थुजी थेट गिरणीवर आले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा फुलला होता.

‘‘पंजाबभाऊ, आज येते तो.’’

मी गिरणी बंद केली. ते बाकावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘‘पानी नाई सोडलं, धूर नाई केला, तं उद्या सकाळी सारं लवन पांढरं. मी जमुनाले हात धरून नेतो. पौर्णिमाताईले बोलावतो. साऱ्या गावाले दाखवतो.’’

‘‘अन् राह्यलेली तूर?’’

ते बाकावर सांडलेलं पीठ बोटानं गोळा करायला लागले.

‘‘चढावरची तूर वाचली तेवढीच तिच्याजवळ उरली हाय, जवाईबापू. आज पारा म्हनतात तसा उतरला तं थंडी तिथपर्यंत भरन.’’

‘‘तुरीचा एकच तास उघडा ठेवतो. साक्षीले.’’

‘‘थंडी काय तास पाहून बसते?’’

त्यांनी हाताचं पीठ झटकलं. मग उठले आणि काही न सांगता गेले. खरं सांगतो, मला त्यांचा भरवसा वाटला नाही. ज्या माणसाला घरात बकरीमार्फत जेवायला बोलावतात, त्यानं आपली सुटका हाताशी आलेली सोडावी, असं मला वाटलं नव्हतं. मी हरभऱ्याला पाणी द्यायला निघालो, तेवढ्यात मारुतीच्या देवळावरचा भोंगा बोलायला लागला. आवाज नत्थुजींचाच होता.

‘‘समस्त गावकऱ्यांस कळवण्यात येते की जवाईबापूच्या इथं आज रोडग्याचं जेवन हाय. लवनातल्या वावरात. वांग्याची भाजी हाय. येतानी आपापल्या घरून गोवऱ्या घेऊन या, जास्तीत जास्त.’’

थंडीपासून तुरी वाचवायला या, असं म्हटलं असतं तर त्या गारठ्यात कोणीही गोधडी सोडली नसती. पण गोवरीच्या विस्तवात भाजलेल्या कणकेच्या गोळ्याला, रोडग्याला नाही म्हणणारा माणूस वऱ्हाडात अजून जन्माला यायचा आहे. शिवाय जावयानं सासरच्या गावाला जेवू घालायचं, हे कोणी कधी ऐकलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत सारं गाव गोवऱ्यांच्या टोपल्या घेऊन लवणात हजर झालं.

तिथे गेल्यावर बाया चक्रावल्या. रोडग्याची आगटी एका जागी असते. नत्थुजींनी ती उत्तरेच्या धुऱ्यानं, जमुनाच्या वावरापासून थेट शालिकरामच्या आणि माझ्या वावरापर्यंत लांबवली होती. एका टोकाचा रोडगा कोळसा होत होता तर दुसऱ्या टोकाचा कच्चाच होता. विस्तवावर ते मधूनमधून ओलं कुटार, म्हणजे भुसा, टाकत, त्यामुळे धुरानं लवण भरून गेलं आणि सारं गाव रडत रडत वांग्याची भाजी खात होतं. मोटार सुरू होती, पाटातून पाणी तुरीच्या मुळाशी खेळत होतं. कणीक कशात मळली म्हणून मी पाहिलं, तर त्याच पराती. बर्फ धरायला मांडलेल्या सगळ्या पराती त्यांनी रिकाम्या करून स्वयंपाकाला दिल्या होत्या.

‘‘नवस कायचा, जवाईबापू?’’ कोणी विचारलं, कारण रोडगे आमच्याकडे नवसाला करतात. ‘‘थंडी पडो म्हनून, का नोको पडो म्हनून?’’

‘‘जेवा आधी,’’ ते म्हणाले.

मी त्यांच्याजवळ बसलो. धुरानं त्यांचे डोळे लाल झाले होते. ते म्हणाले, ‘‘पंजाबभाऊ, जिंदगीभर मी बर्फ केला. लोकं गाडीत घालून नेत. कुल्फीले नेत, मासोळीले नेत, मेलेल्या मानसाखाली ठेवाले नेत. मी कधी पाहाले गेलो नाई. जित्या वस्तूले तो काय करते, हे मी त्या सकाळी पयल्यांदा पाह्यलं. मले अजून वाईट वाटते. कोनाले सांगू? बकरीले सांगतो.’’

रात्रीचं काही सांगत नाही. थंडीत सगळे सारखेच कुडकुडतात आणि त्यात सांगण्यासारखं काही नसतं. जेवलेली माणसं घरी जायला इतकी गारठली होती की आगटीजवळच बसून राहिली आणि बसल्या बसल्या कुटार टाकत राहिली.

उजाडलं तेव्हा तूर हिरवी होती. धुराच्या खाली फुलोरा जसाच्या तसा पिवळा, पानांवर नुसतं पाणी. शालिकरामची तूर हिरवी, माझा हरभरा हिरवा. नत्थुजी धुऱ्यावर उभे होते. हातात सवयीनं दुसरा एक डबा होता, रिकामा.

शालिकराम डोळे चोळत उठला, चहूकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘कुठं हाय थंडी? पडलीच नाई. फुकट रातभर धूर खाल्ला.’’

आणि पाहता पाहता सगळे तेच म्हणायला लागले. दवाळ आलीच नाही. आजही आली नाही, म्हणजे त्या दिवशीही आली नसणार. जवाईबापूंनी बेडकासारखी ही पण थाप ठोकून दिली. मी माझ्या हिरव्या हरभऱ्यासमोर उभा राहून हे ऐकत होतो आणि माझं डोकं इतकं तापलं की थंडी विसरलो. पण नत्थुजींनी वाद घातला नाही. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

तेवढ्यात जमुना चहाची किटली घेऊन धुऱ्यावरून आली. मी इकडेतिकडे पाहिलं, बकरी कुठे दिसत नव्हती. ती सरळ नवऱ्यासमोर उभी राहिली.

‘‘रिकामा डबा घेऊन कावून उभे राह्यले? च्या घ्या.’’

नत्थुजींनी मागे वळून पाहिलं, आपल्याशीच बोलते आहे ना म्हणून.

मग ती शालिकरामकडे वळली. ‘‘शालिकभाऊ, तुमच्या पंपानं काई नाई केलं. दवाळच होती. बाभयीखालची तूर हिरवी हाय, मी आली त्या दिवशीपासून हिरवी हाय. वरून झाडाची झाकन होती म्हनून वाचली. पंप काय झाड पाहून फवारते?’’

सारं गाव बाभळीकडे पाहायला लागलं. इतके दिवस तिथूनच तर येत-जात होते सगळे.

नत्थुजींनी तोंडाशी नेलेला कप खाली घेतला. ‘‘तुले पयल्या दिवशी समजलं होतं?’’

‘‘हो.’’

‘‘मंग बोलली कावून नाई?’’

‘‘बोलली असती तं तुमी बाजेवरून बर्फाच्या गोष्टी सांगत राह्यले असते. इतक्या वर्षांत पयल्यांदा तुमी मले माह्या वावरात दिसले.’’ ती पुढचा कप भरायला लागली, आणि मान वर न करता म्हणाली, ‘‘काल मी धास्तीनं जेवली नाई. म्हटलं, हा मानूस आज पानी सोडते का बर्फ पडू देते. पडू देला असता तं साऱ्या गावानं तुमाले खरं मानलं असतं. मी बी मानलं असतं. पन बोलली नसती.’’

नत्थुजी चहा गार होईपर्यंत धरून उभे राहिले आणि मग तो एका घोटात प्याले.

त्या दिवशी दुपारी गजेंद्र फ्रीजरमधला डबा घेऊन आला, म्हणाला, आता बाटल्यांना जागा द्या. जमुना म्हणाली, ज्या तुरीवरून आणला तिथंच न्या. नत्थुजींनी तो बर्फ जळक्या तासात नेऊन ठेवला आणि वितळेपर्यंत बाजूला बसले. त्यातल्या काही खोडांना नंतर बुडापासून फुटवे आले. ते त्या बर्फाच्या पाण्यानं आले, असं नत्थुजी सांगतात, आणि गाव पुन्हा विश्वास ठेवत नाही.

बाज आता बहुतेक रिकामी असते. नवरा-बायको वावरातून बोलत बोलत घरी येतात. आवाज ऐकला की बकरी अजूनही चारा सोडते आणि दोघांच्या मधे येऊन उभी राहते. कोणीच तिच्याकडे पाहत नाही. थोडा वेळ वाट पाहून ती परत जाते.